फिल्टर, फ्री-फ्लो आणि रिमॅप : हॉर्सपॉवरचे दावे डायनोवर मोजल्यावर

एअर फिल्टरच्या खोक्यावर ५ ते ८ हॉर्सपॉवरच्या वाढीची हमी छापलेली असते, धुराला कमी अडवणारा फ्री-फ्लो सायलेन्सर बसवणारा ‘१० तर कुठेच गेले नाहीत’ असे सांगतो आणि रिमॅप करणाऱ्याच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले सॉफ्टवेअर बदलणाऱ्याच्या, दरपत्रकात थेट ३० पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) वाढ लिहिलेली असते. हे सगळे दावे खरे असते, तर रविवारी सकाळी लोणावळ्याच्या वाटेला लागणाऱ्या निम्म्या हॅचबॅक गाड्यांनी एव्हाना मोठमोठ्या सेडानना मागे टाकले असते. प्रत्यक्षात हे भाग विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक ते बसवण्याआधी आणि नंतर गाडी मोजून घेतात. बाकीचे आवाजावर, पिकअपच्या भासावर आणि खर्च केलेल्या पैशांवर विश्वास ठेवतात. म्हणून पुण्यातल्या एका डायनो (गाडीची शक्ती मोजणारे यंत्र) असलेल्या गॅरेजमध्ये हे भाग एकेक करून बसवून मोजले. भाग बनवणाऱ्यांची आणि गॅरेजची नावे येथे दिलेली नाहीत, कारण एकाच प्रकारच्या वस्तू वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात आणि त्यांचे गुणदोष बहुतांशी सारखेच असतात.

मोजणीसाठी मुद्दाम दोन वेगळ्या स्वभावाच्या गाड्या घेतल्या. पहिली धाकट्या भावाची स्विफ्ट : १.२ लिटरचे के-सिरीज पेट्रोल इंजिन, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नाही, कंपनीचा आकडा ८३ पीएस आणि ११३ एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. दुसरी माझी पोलो : ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, ११० पीएस आणि १७५ एनएम. दोन्ही गाड्यांची सर्व्हिसिंग नुकतीच झालेली होती, टायरमधली हवा दरवेळी सारखी ठेवली होती आणि पेट्रोल एकाच पंपावरचे होते.

चेसिस डायनो कसे मोजतो हे आधी सांगितले पाहिजे, कारण फसवणुकीला जागा असते ती बहुतेक तिथेच. गाडीची ओढणारी चाके जमिनीतल्या लोखंडी रोलरवर ठेवतात, गाडी जाड पट्ट्यांनी जखडतात, पुढे मोठा पंखा लावतात आणि साधारणपणे चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) रेडलाइनपर्यंत, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरतात. रोलरचे जडत्व माहीत असते, त्यामुळे तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून शक्ती काढता येते. काही यंत्रांमध्ये रोलरला विद्युत-चुंबकीय ब्रेक लावून इंजिनावर भार टाकला जातो. यंत्र कोणतेही असले तरी न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९, म्हणजे किलोवॉट, हे गणित बदलत नाही.

अर्थात हा आकडा चाकावरचा असतो. कंपनी जाहीर करते तो आकडा इंजिन एकटे टेस्ट बेडवर बसवून घेतलेला असतो. गिअरबॉक्स, शाफ्ट आणि टायर यांच्यात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीची सर्वसाधारणपणे १० ते १५ टक्के शक्ती खर्ची पडते, म्हणून ११० पीएसची पोलो डायनोवर नव्वदीच्या मध्यावर दिसली तर ती धडधाकट आहे असेच समजावे. काही गॅरेजवाले नेमकी येथेच चलाखी करतात : आधीचा आकडा चाकावरचा दाखवतात आणि नंतरच्या आकड्यात अंदाजाने नुकसान मिळवून तो इंजिनाचा म्हणून छापतात, म्हणजे गाडीला हात न लावताही १३-१४ पीएस वाढलेले दिसतात. पीएस आणि बीएचपी यांची सरमिसळ त्यामानाने किरकोळ आहे (११० पीएस म्हणजे साधारण १०८.५ बीएचपी), परंतु जिथे दावाच ५ हॉर्सपॉवरचा आहे तिथे दीड हॉर्सपॉवरही दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

दुसरा घोळ हवेचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो आणि टर्बो नसलेले इंजिन जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात शक्ती गमावते. ही तूट भरून काढण्यासाठी डायनोचे सॉफ्टवेअर ‘करेक्शन’ लावते. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीत निकाल २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल दाब या स्थितीला नेऊन सांगितला जातो. स्विफ्टसारख्या गाडीसाठी हे न्याय्य आहे. टर्बो गाडीत मात्र हवा विरळ झाली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) टर्बोला थोडे जास्त फिरवून ठरलेला दाब गाठतो आणि बरीचशी तूट स्वतःच भरून काढतो. त्यावर पुन्हा तेच करेक्शन लावले की गाडीला फुकटचे काही पीएस मिळतात. म्हणून स्विफ्टचे आकडे करेक्शनसह आणि पोलोचे करेक्शनशिवाय घेतले. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर तापलेल्या इंजिनाजवळ लटकवला की करेक्शन आणखी फुगते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या एका ठिकाणी तर आधीचा रन (रोलरवरची एक मोजणी) बॉनेट बंद आणि पंखा बंद ठेवून, आणि नंतरचा रन बॉनेट उघडून पंखा सुरू करून घेतलेला मी पाहिला आहे. त्या गिऱ्हाइकाला मिळालेल्या वाढीत पंख्याचा वाटा किती होता, हे त्याने विचारले नाही आणि त्याला कोणी सांगितलेही नाही.

या सगळ्यापूर्वी एक काम केले, जे प्रत्येकाने करून घ्यावे : काहीही न बदलता तीच गाडी लागोपाठ मोजली. दोन्ही गाड्यांचे आकडे रनागणिक १ ते २ पीएसने इकडे-तिकडे होत राहिले. इंजिनाचे तापमान, टायर आणि पट्ट्यांचा ताण यांच्यामुळे एवढा फरक पडणारच. याचा सरळ अर्थ असा की एखादा भाग बसवून १ पीएस वाढला, तर तो त्या भागामुळे वाढला असे म्हणण्याला आधार नाही.

फिल्टरचा निकाल त्यामुळे लवकर लागला. तेल लावलेला कापसाच्या जाळीचा पॅनेल फिल्टर स्विफ्टमध्ये बसवल्यावर चाकावरचा आकडा ७० वरून ७१ झाला, म्हणजे बदलला असे म्हणता येत नाही. पोलोमध्ये तोही फरक दिसला नाही. यात नवल नाही. कंपनीच्या कागदी फिल्टरला घड्या घालून एवढे क्षेत्रफळ दिलेले असते की इंजिन पूर्ण जोरात असतानाही त्यातून होणारा अडथळा अगदी थोडा असतो, आणि रोजच्या चालवण्यात तर अ‍ॅक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असल्यामुळे हवेची वाट फिल्टर नव्हे, थ्रॉटलची झडप अडवून धरत असते. मग ‘फिल्टर बदलला आणि गाडी मोकळी झाली’ असे सांगणारे लोक खोटे बोलतात का? बहुतेक वेळा नाही. त्यांचा जुना फिल्टर धुळीने काळा पडलेला असतो, आणि त्या जागी कंपनीचाच काहीशे रुपयांचा नवा कागदी फिल्टर घातला असता तरी तोच अनुभव आला असता. आमची तुलना त्यासाठीच नव्या कागदी फिल्टरशी होती. जाळीचा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो हा त्याचा खरा गुण आहे, परंतु धुतल्यानंतर तेल जास्त झाले तर ज्या गाड्यांत एअर-फ्लो सेन्सर असतो तिथे ते सेन्सरच्या तारेवर बसून नवीन दुखणे उभे राहते. सुमारे ५ हजार रुपयांना ही वस्तू हॉर्सपॉवरसाठी घेण्यासारखी नाही.

फ्री-फ्लो एक्झॉस्टवर आम्ही दोघा भावांचे एकमत होऊ शकले नाही, कारण भावाला आवाज आवडला. स्विफ्टमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा भाग बदलून सरळ आरपार जाणारा सायलेन्सर बसवला. ५,५०० आरपीएमच्या पुढे साधारण २ पीएस वाढ दिसली आणि ती लागोपाठच्या रनमध्ये टिकली, म्हणून ती खरी मानतो. मात्र २,५०० ते ३,५०० आरपीएमच्या टप्प्यात, म्हणजे शहरात इंजिन जिथे जास्तीत जास्त वेळ असते तिथे, टॉर्कची नवी रेषा जुन्या रेषेच्या किंचित खालून गेली. नळीचा व्यास वाढला की कमी आरपीएमला धुराचा वेग मंदावतो आणि सिलिंडर तितकासा साफ होत नाही, हे त्यामागचे नेहमीचे कारण. भावाचे म्हणणे होते की गाडी स्पष्टपणे जास्त पळते. मग तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० किलोमीटरचा वेळ घड्याळ लावून घेतला; जुन्या सायलेन्सरचा आणि नव्याचा वेळ सारखाच निघाला. गॅरेजचे मालक यावर हसून म्हणाले, “साहेब, आवाज बदलला की ड्रायव्हरचा पाय बदलतो.” एवढे प्रामाणिक वाक्य या धंद्यात फार क्वचित ऐकायला मिळते.

पोलोमध्ये मागचा सायलेन्सर बदलून काहीही झाले नाही, आणि ते का झाले नाही हे समजून घेण्यासारखे आहे. आजच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा ईसीयू टॉर्कचे उद्दिष्ट ठरवून चालतो. धुराची वाट थोडी मोकळी झाली तर टर्बो अधिक सहज फिरू लागतो, ईसीयूच्या लक्षात येते की ठरलेला दाब लवकर गाठला गेला, आणि तो वेस्टगेट (धूर टर्बोला वगळून सोडणारी झडप) थोडा जास्त उघडून टॉर्क पुन्हा आपल्या ठरलेल्या रेषेवर आणून ठेवतो. म्हणजे मोकळी केलेली जागा गाडी वापरतच नाही. त्यामुळे विक्रेते पुढची पायरी सुचवतात : टर्बोला लागून असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप घाला. तो प्रयोग केला नाही आणि करणारही नाही. त्याने धूर विषारी होतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि पाठीमागच्या दुचाकीवाल्याने ते नाकातोंडात का घ्यावे याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

किरकोळ वस्तूंचे थोडक्यात आटोपतो. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलच्या वायरमध्ये जोडायची थ्रॉटल कंट्रोलरची डबी पेडल थोडेसे दाबले तरी ईसीयूला जास्त दाबल्याचे सांगते. पूर्ण दाबलेले पेडल मात्र पूर्णच राहते, म्हणून डायनोवरची रेषा जशीच्या तशी आली. गाडी चपळ वाटते आणि ट्रॅफिकमध्ये झटके देते, एवढेच. गाडीतले बिघाड वाचण्यासाठीच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायची ‘पॉवर चिप’ उघडून पाहिली : आत दिवे लुकलुकवणारी एक छोटी चिप आणि काही रेझिस्टर होते, परंतु गाडीतले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या कॅन नेटवर्कशी बोलण्यासाठी लागणारा ट्रान्सीव्हरच नव्हता. ज्याला गाडीशी बोलता येत नाही तो तिची शक्ती कशी वाढवणार?

इलेक्ट्रिक टर्बो म्हणून विकला जाणारा प्लॅस्टिकचा पंखा मी विकत घेतलाच नाही, कारण त्याचे गणित कागदावरच सुटते. १.२ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर हवा ओढते. एवढ्या हवेचा दाब ०.३ बारने वाढवायचा असेल तर आदर्श स्थितीतही दीड किलोवॉटपेक्षा जास्त शक्ती लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ती घ्यायची तर शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह हवा. हा पंखा ५ अँपिअर घेत असेल तर तो ६० वॉटचा झाला. पूर्ण जोरात चाललेल्या इंजिनाच्या वाटेत तो मदत करण्याऐवजी आडकाठीच करणार.

आता रिमॅप. ईसीयूमध्ये टर्बोचा दाब, ठिणगीची वेळ, इंधनाचे प्रमाण आणि टॉर्कच्या मर्यादा यांचे तक्ते असतात, आणि कंपनी ते भरताना हात राखून भरते : कुठे हलके पेट्रोल मिळेल, कुठे मे महिन्यातला नागपूरचा उन्हाळा असेल, कुठे लडाखची उंची असेल, आणि वॉरंटीचा खर्च तर सगळीकडेच असतो. हेच एक लिटरचे टीएसआय इंजिन स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनमध्ये ११५ पीएस आणि १७८ एनएम देते, तर पोलोमध्ये ते ११० आणि १७५ एवढे होते. अशा उदाहरणांवरून लगेच निष्कर्ष मात्र काढू नये. ज्याला सगळे ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत त्या फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलच्या ७५ आणि ९० पीएसच्या आवृत्त्या फक्त सॉफ्टवेअरने वेगळ्या होत्या असे आजही सांगितले जाते, ते बरोबर नाही. जास्त शक्तीच्या आवृत्तीत टर्बोच वेगळा, बदलत्या पात्यांचा होता.

पोलोचा आकडा कंपनीच्या फाइलवर चाकाशी ९६ पीएसच्या आसपास आला होता. त्याच दिवशी, त्याच पट्ट्यांवर, कोणताही भाग न बदलता नवी फाइल चढवल्यावर तो ११८ च्या आसपास पोहोचला. दावा ३० चा होता, चाकावर २२ मिळाले. गिअरबॉक्समधले नुकसान धरून इंजिनाशी ते साधारण २५ होतात. दावा फुगवलेला आहे, पण तो हवेतला नाही, आणि या सगळ्या यादीत असे म्हणता येईल अशी ही एकच गोष्ट आहे. खरा फरक कमाल आकड्यापेक्षा २,००० ते ४,५०० आरपीएमच्या मधल्या टप्प्यात आहे. तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० चा वेळ सेकंदाहून जास्त कमी झाला, आणि खंबाटकी घाटात ट्रकच्या मागून निघताना जिथे दुसरा गिअर टाकावा लागत असे तिथे तिसऱ्यातच काम भागू लागले. ५,५०० च्या पुढे मात्र रेषा झपाट्याने खाली येते. लहान टर्बोचा दम तिथे संपतो आणि सॉफ्टवेअर त्याला मोठा करू शकत नाही.

खोक्यावर न लिहिलेल्या गोष्टीही मोजल्या. लागोपाठ रन घेतल्यावर रिमॅप केलेली पोलो शेवटी शेवटी ५-६ पीएस गमावून बसली. कंपनीच्या फाइलवर ही घसरण बरीच कमी होती. या इंजिनाचा इंटरकूलर पाण्याने थंड होतो आणि तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. जास्त दाबाची, जास्त तापलेली हवा थंड करताना ते पाणी तापत जाते आणि ईसीयू इंजिनाच्या काळजीपोटी हात आखडता घेतो. शिवाय ही फाइल किमान ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी होती. साधे पेट्रोल भरून मोजले तेव्हा इंधन अवेळी पेटल्याची ठोक ओळखणाऱ्या नॉक सेन्सरने ठिणगी मागे ओढली आणि वाढीतला चांगलाच हिस्सा परत गेला, म्हणजे दर टाकीमागे जास्तीचे पैसे मोजणे हा रिमॅपच्या किमतीचाच भाग धरला पाहिजे. गिअरबॉक्सचेही तसेच. हा मॅन्युअल गिअरबॉक्स साधारण २०० एनएमच्या हिशेबाने बनवलेल्या घराण्यातला आहे आणि नव्या फाइलवर इंजिनाचा टॉर्क २१५ च्या पुढे जातो. क्लच अजून घसरलेला नाही. तो घसरणार नाही असे कोणी लिहून दिलेलेही नाही.

गॅरेजच्या सेवेबद्दल बरे-वाईट दोन्ही सांगण्यासारखे आहे. काम सुरू करण्याआधी त्यांनी ईसीयूतली मूळ फाइल काढून तिची प्रत पेन ड्राइव्हवर दिली, रनच्या वेळचे हवा-इंधनाचे प्रमाण आणि इनटेक हवेचे तापमान यांची नोंद न मागता दिली, आणि गाडी पुरेशी गरम झाल्याशिवाय पहिला रन घेतला नाही. मात्र त्यांनी छापून दिलेल्या आलेखाची उभी रेषा शून्याऐवजी ६० पासून सुरू होत होती, त्यामुळे नवी रेषा नजरेला जुन्या रेषेच्या दीडपट उंच दिसत होती. शिवाय त्यावर फक्त करेक्शन लावलेला इंजिनाचा आकडा होता. चाकावरचे कच्चे आकडे मागितल्यावर मिळाले, पण दोनदा मागावे लागले. पैशांच्या बाजूने पाहिले तर रिमॅपला ३३ हजार रुपये लागले, म्हणजे मोजलेल्या प्रत्येक पीएसमागे दीड हजार. फ्री-फ्लोला १४ हजार गेले आणि प्रत्येक पीएस ७ हजारांना पडला. फिल्टरचा भागाकारच होत नाही.

कायद्याची बाजू बहुतेक विक्रेते गाळतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रस्त्यावरचा पोलीस ईसीयू वाचत नाही, तो सायलेन्सर ऐकतो; अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर मात्र दोन्ही पाहू शकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही बदललेली फाइल ओळखता येते, फोक्सवॅगन समूहात अशा गाडीच्या नोंदीवर टीडी१ असा शेरा पडतो, आणि मग टर्बोच काय, त्याच्या आसपासच्या कोणत्याही भागाची वॉरंटी मागताना वाद घालत बसावे लागते.

हे सगळे पाहून भावाच्या स्विफ्टमध्ये कागदी फिल्टर आणि मूळ सायलेन्सर परत बसवले. पोलोमध्येही रस्त्यासाठी कंपनीचीच फाइल पुन्हा घातली आहे; लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसचा दिवस ठरेल तेव्हाच रिमॅपची फाइल चढवायची, आणि तीही क्लचची तपासणी झाल्यावर, असे आम्ही दोघांनी गॅरेजवाल्यांशी ठरवले आहे.